टाकीकडून पहिला चर

३ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू म्हणतेस तसंच करतो. २८ तारखेला इथली खोली सोडून तुझ्याकडे राहायला येतो. ग्रंथालयातल्या साहेबांना सांगितलं. बाइंडिंगचं काम कुठेही मिळतं, असं तेच म्हणाले. येत्या शनिवारी हिला जाऊन महिना होईल.

मंडळाने भाजी लावायला दिलेल्या जागेचं तेवढं राहिलं आहे. जागा सोडायच्या अर्जावर सही केली की ती यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. पण हिने खिडकीत डब्यांमधून भोपळ्याची रोपं केली होती, ती आता वाढली आहेत. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात हिने मला दोनदा सांगितलं, "पहिला चर उघडू नका. भोपळा तिसऱ्यावर लावा."

तू तिकडे कधी आली नाहीस म्हणून लिहितो. जागेवर तीन लांब चर आहेत, गुडघाभर खोल. उपटलेले वेल, दांडे, पाचोळा, घरची सालं असं सगळं ही एका चरात भरायची, वर माती ओढायची आणि मग त्याला हात लावू द्यायची नाही. पुढच्या वर्षी पुढचा चर. सगळ्यांत जुन्यातलं कुजून माती झालेली असते, त्यावर लावायचं. मातीला दिल्याशिवाय मागू नये, म्हणायची. झाकल्यावर तिन्ही सारखेच दिसतात. खणायची हीच आणि भरायचीही हीच. मी रविवारी टोपली उचलण्यापुरता.

तेव्हा रोपं लावतो आणि सही करतो. जेवण वेळेवर होतं. सकाळी देवासमोर बसतो. मागत काही नाही, नुसता बसतो.

तुझी माया आहेच, ती वेगळी मागायला नको.

तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीला रंग द्यायला माणूस लावला. तो म्हणाला, पांढरा द्या, पांढरा कुणालाही चालतो. मी म्हटलं, माझा भाऊ पुस्तकं शिवतो, भिंतीला खळीचे हात लागणार. फिकट पिवळा दिला आहे. आवडला नाही तरी आवडला म्हण.

जेवण वेळेवर होतं असं लिहिलंस, काय जेवतोस ते लिहिलं नाहीस. लहानपणीही गणित सुटलं म्हणायचास आणि वही दाखवायचा नाहीस.

भोपळा लावून दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हे मला काही उमगलं नाही. पण तिने सांगितलं असेल तर लाव. ती मुंगीसारखी कामात असायची, उगाच काही सांगणारी नव्हती. एक बोलते, रागावू नकोस. पत्रात तू अजून 'ही' लिहितोस. लिही बापड्या, पण तुला रडू आलं का रे? त्या दिवशी तू आम्हा सगळ्यांना पाणी देत फिरत होतास, जणू दुसऱ्या कुणाच्या घरी आला आहेस.

आणि खरं सांगू का, तुझी काळजी वाटते म्हणून बोलावते, असं मी चारचौघांत सांगते. शिवणाच्या दुकानातून घरी आले की मशीनचाही आवाज नसतो, म्हणून बोलावते. मोठी असून असं लिहिते आहे. पत्र फाडून टाक.

वाट बघणारी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही.

रविवारी रोपं घेऊन गेलो. फाटकापासून मोजत तिसऱ्या चराशी थांबलो आणि खणायला लागलो. वीतभर माती काढली तर खाली वाटाण्याचे वेल निघाले, अजून हिरवट. वास आला. त्याखाली फ्लॉवरचे दांडे. मध्ये माझा जुना सुती बनियन, कापून पट्ट्या केलेला. काहीच कुजलं नव्हतं. आणि ताई, ते दांडे एका बाजूला डोकी करून ओळीने निजवले होते. कचराच होता तो. वर माती पडणार होती, कुणी बघणार नव्हतं. मी फावडं टेकवून उभा राहिलो. तेव्हा तरी रडलो असेन, असं तुला वाटेल. मला भूक लागली, एवढंच झालं.

शेजारच्या जागेवरचा निवृत्त पोस्टमन कुंपणाशी आला. म्हणाला, काय बाइंडर, रात्री झाकलेलं जेवण सकाळीच उकरताय का. मी म्हटलं, हा तिसरा आहे. तो हसला. म्हणाला, तुमचा तिसरा, बाईंचा पहिला. त्या आल्या की आधी पलीकडच्या टोकाला टाकीवर जाऊन झारी भरायच्या आणि तिथूनच मोजायला लागायच्या. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी हाच तर भरला.

सव्वीस वर्षं संसार झाला. ती कुठून मोजते हे पोस्टमनला ठाऊक होतं.

सगळं होतं तसं परत ठेवायला गेलो, पण जमलं नाही. दांडे माझ्या हातून वाकडेतिकडे पडले. वर माती ओढली आणि रोपं घेऊन घरी आलो. त्यांना खिडकीत पाणी घातलं.

आशीर्वाद असू दे.

धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच वाचलं. शाळेच्या गणवेशांना खिसे लावत होते. दोन शर्टांचे खिसे उलटे शिवले, ते उसवत बसले आहे.

तुझे भावजी जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्या हातचा चहा ते बिनसाखरेचा प्यायचे, नवस केल्यासारखे. ते गेल्यावर कोपऱ्यावरचा चहावाला मला म्हणाला, साहेबांना तीन चमचे लागायचे. तेव्हा मी महिनाभर त्याच्या दुकानावरून गेले नाही. तू पोस्टमनवर राग धरू नकोस.

दांडे वाकडे पडले तरी कुजतातच. रोपं लाव, सही कर आणि २८ ला ये. शेजारणीला सांगून बसले आहे, आता तोंडघशी पाडू नकोस.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

परवा रोपं लावली, तिच्या तिसऱ्यावर. खालची माती काळी आणि भुसभुशीत होती, मुठीत धरली तर ओली आणि सोडली तर मोकळी. देठ कुठलं आणि पान कुठलं ते ओळखू येत नव्हतं. गांडुळं पुष्कळ. सात रोपं बसली.

आज सही करायला मंडळाच्या कार्यालयात गेलो. अर्जाच्या खाली मी लिहिलं की टाकीकडून पहिला चर अजून दोन वर्षं उघडू नये. कारकून भला माणूस आहे. तो म्हणाला, असा रकाना अर्जात नाही आणि नवा माणूस आपल्या मर्जीने खणणार. मी म्हटलं, निदान तोंडी सांगा. त्यावर तो म्हणाला, "सांगेन हो. पण कुठला चर ते त्याला जागेवर नेऊन दाखवणार कोण?"

मी सही न करताच पेनाला टोपण लावलं. अर्ज मागून घेतला आणि बाहेर आलो. बराच वेळ जिन्यावर बसलो होतो. लोक बाजूने जात होते.

ताई, मी २८ ला येत नाही. तू रंग दिलास, शेजारणीला सांगितलंस, आणि ज्या कारणासाठी बोलावलंस तेही मी वाचलं आहे. तरी येत नाही. त्या चरातलं कुजून माती होईपर्यंत तो कुठे आहे हे माहीत असलेला माणूस इथे हवा, आणि असा मीच आहे. यापलीकडे मला कारण देता येत नाही. ग्रंथालयातली माझी जागा साहेबांनी अजून भरली नव्हती. घरमालकही हो म्हणाले. तेवढं सोपं गेलं.

तुला राग येईल. येऊ दे, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा अपराधी,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू येत नाहीस हे वाचून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला अर्थातच कळलं नसेल.

शेजारीण विचारायला आलीच. मी म्हटलं, त्याचं शेतीचं काम निघालं. ती म्हणाली, तुझ्या भावाला शेती आहे हे कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, मलाही आत्ताच कळलं. पिवळ्या खोलीत सध्या कापडाचे तागे ठेवले आहेत. बरे दिसतात.

दोन वर्षं मी काही एकटी बसून काढणार नाही. मालकिणीकडे पंधरा दिवसांची रजा मागितली. तिने विचारलं, आजारी आहेस का. मी म्हटलं, नाही, भाऊ आहे. तिने दिली. पुढचं पुढे बघू.

मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. घ्यायला स्टेशनवर येऊ नकोस, त्या वेळात वेलांना पाणी घाल. घरात मीठ आणि तेल आहे का ते बघून ठेव, नसणारच. राग सोबत घेऊन येते आहे, तो तिथे आल्यावर काढीन.

ताई