कपाटाची जागा

दि. ४ मार्च

प्रिय वन्संबाई हिस,
स. न. वि. वि.

पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस. तुझं माहेर आता तुला ओळखू यायचं नाही. तुझा दादा पुलाच्या कामावर, महिन्यातून दोन दिवस घरी. त्यामुळे मला अडवायला कोणी नाही. छापखान्यात आमच्या बाइंडिंगच्या टेबलाला सध्या काम बेताचं, म्हणून दुपारी मी मोकळी. मोकळी मी काय करते ते तुला माहीतच आहे. मागच्या वेळी गळक्या किटलीचा दिवा केला, तर तू त्याला फाशी दिलेली किटली म्हणालीस. ते मी विसरलेले नाही.

या खेपेला ऐक. एक जुनी शाळा पाडली, तिचा एक दरवाजा भंगारवाल्याकडून आणला आणि शिलाई मशीनच्या दोन लोखंडी पायांवर आडवा टाकला. झालं जेवणाचं टेबल! मुलांनी कोरलेली नावं तशीच ठेवली आहेत, भात वाढताना वाचायला बरी पडतात. फळांच्या खोक्यांचं बाक केलं, त्यावर बाइंडिंगच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या गाद्या. आणि आता घट्ट धरून बस. पॅसेजमधलं ते उंच, काळं, कुरूप कपाट मी सुताराला बोलावून करवतीने मधोमध कापलं. वरचा तुकडा आईंच्या पलंगाशी, खालचा हॉलमध्ये खिडकीखाली, त्याच्यावर फोन. कपाटाच्या जागी खोक्यांचं बाक आलं. पॅसेज एवढा रुंद असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

करवत चालली होती तोवर आईंना खोलीत बसवून दार लोटून घेतलं होतं. सगळं लागल्यावर बाहेर बोलावलं. त्या दारातच थांबल्या. मग एकेका वस्तूवरून सावकाश हात फिरवत गेल्या, टेबलाच्या कडेवरून, खोक्यांवरून. इतक्या बारकाईने माझ्या कामाकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. छान झालंय म्हणाल्या. पण तेव्हापासून खोलीतच बसून आहेत. ज्या बाई मला गॅसजवळ फिरकू देत नव्हत्या, त्या चहासुद्धा मला करायला सांगतात. रुसल्या असतील का गं? त्या कपाटात त्यांचा जीव होता का? तू मुलगी, तुला ठाऊक असेल.

लोभ आहेच, त्याची काळजी नाही. उत्तर तेवढं लवकर पाठव.

तुझी
वहिनी


दि. ७ मार्च

वहिनी,

नमस्कार-चमत्कार नंतर. हे पत्र छापखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरी टपाल आईच्या हातात पडतं आणि ती ते तुला मोठ्याने वाचायला लावते. फोन करावा तर तोही तीच उचलते. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई, दुसरी घंटा वाजूच देत नाही.

आईला दिसत नाही. आता मीच बसून लिहिते आहे, तूही बस.

तीन वर्षं होत आली. काचबिंदू. उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली होती, तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. गेलेली नजर परत यायची नाही, उरली तेवढी टिकवू, असं ते म्हणाले. मी औषधाच्या दुकानातून दर महिन्याला पाठवते ते थेंब डोळे कोरडे पडतात म्हणून नाहीत. उजव्या डोळ्याला काही नाही. डाव्याला समोरचं चिमूटभर, तेही लख्ख उजेडात. ती घरात फिरते ती पाठ केलेल्या घरात. पलंगापासून चार पावलं, हाताला कपाट. कपाटाच्या कडेवरून डावीकडे, फोन. तिथून सहा पावलं, ओटा. एक्स्चेंजमध्ये न बघता शेकडो तारा जोडायची, तशी ती चालते. तू कापलंस ते कपाट नव्हतं गं, तिचा कठडा होता.

तुला सांगायला हवं होतं. पण तिने माझ्याकडून वचन घेतलं. मावशीचे डोळे गेले तेव्हा तिच्या घरच्यांनी तिला खिडकीशी खुर्चीत बसवलं. माणसं वाईट नव्हती, काळजीपोटीच बसवलं. पण अकरा वर्षं तिच्या हातात कोणी चमचा दिला नाही. दादाला कळलं की माझीही खुर्ची ठरली, असं आई म्हणाली होती. तिला दुसरी कसलीच भीती नाही. आई खोलीत बसून आहे असं तू लिहिलंस ते वाचलं आणि लगेच हे लिहायला घेतलं.

आजच्या आज सगळं जागेवर लाव. कपाटाचे तुकडे एकावर एक रच. तिला काही सांगू नकोस, तुलाच आवडलं नाही असं म्हण.

बाकी काही लिहिण्याच्या स्थितीत मी नाही. माझ्यावर रागव, पण आधी कपाट हलव.

तुझी
वन्सं


दि. ११ मार्च

प्रिय वन्सं,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. आई परवा सकाळी पडल्या.

घाबरू नकोस म्हणणार होते, पण मीच घाबरलेली आहे, तेव्हा ते राहू दे. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. कपाळाला टाके नाहीत, नुसती सूज आहे. मी छापखान्यात होते. फोन वाजला म्हणून त्या उठल्या आणि सवयीने पॅसेजमध्ये गेल्या, फोन पूर्वी होता तिकडे. खोक्यांच्या बाकावर पाय अडकला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आवाज ऐकला आणि शेजारी ठेवलेली आपली किल्ली घेऊन त्या आत आल्या. त्या सांगत होत्या की आई जमिनीवर बसून होत्या आणि फोन थांबून पुन्हा वाजत होता.

पुढचं ऐक, आणि हवं तर मला शिव्या दे. दवाखान्यात डॉक्टरांनी आईंच्या डोळ्यांवर बॅटरी धरली आणि मला विचारलं की यांना नीट दिसतं का. मी आईंच्या देखत ठासून सांगितलं की नजर उत्तम आहे, पायांत थोडा वात आहे. आई माझा हात घट्ट धरून होत्या. मला वाटलं दुखतंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचलं. चौथ्या ओळीनंतर कागद दिसेना. बाइंडिंगवाल्या काकांनी मला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

काल संध्याकाळी कपाट रचलं. पण कापताना सुताराने मधला हातभर भाग काढला होता, तो मी टेबलाला आधार म्हणून वापरून टाकला आहे. कपाट आता आईंच्या खांद्याशीच संपतं. त्या खोलीतून बाहेर आल्या, चार पावलं टाकली, हात वर नेला आणि तो रिकाम्या जागेवर पडला. मी समोर उभी होते. श्वास रोखून उभी होते, म्हणजे मी आहे हे त्यांना कळू नये. ज्या घरात सहा वर्षं तोंड भरून बोलले, त्या घरात मी चोरासारखी उभी राहिले.

आता काय करू ते लिही.

तुझी
वहिनी


दि. १४ मार्च

वहिनी,

तो फोन माझा होता.

पत्र टाकल्यावर दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी धीर धरवेना. आईने उचलला तर काहीतरी थाप मारून तुला संध्याकाळी फोन करायला सांगू, असं ठरवून लावला. दोनदा लावला. कोणी उचलला नाही तेव्हा मला हायसं वाटलं, तुझ्याशी खोटं बोलत नाही. म्हटलं आई शेजारी गेली असेल, म्हणजे बरी असेल. ती तेव्हा जमिनीवर बसली होती.

तुझं पत्र आल्यापासून दुकानात दोनदा चुकीची बाटली काढली, मालकांनी घरी जा म्हटलं. मी रविवारी येते. प्लास्टर निघेपर्यंत आईला माझ्याकडे नेते. दादाला मीच सांगेन. तीन वर्षं मी लपवलं, तर ऐकूनही मीच घ्यायला हवं.

भेटीत बोलूच.

तुझी
वन्सं


दि. २ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

आई तुझ्याकडे सुखरूप आहेत हे कळलं. रात्री झोपतात ना? डावा हात वापरायचा आळस करू देऊ नकोस.

तुझा दादा येऊन गेला. तू त्याला सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी तो उठून बाजारात गेला. परत आला तो एक खुर्ची घेऊन. नवी कोरी, हातांची, जाड गादीची. खिडकीशी ठेवली. मी बघतच राहिले. मावशींच्या खुर्चीची आईंना वाटणारी भीती मी त्याला सांगितली नव्हती आणि त्याने नेमकं तेच केलं. म्हणाला की आता आईने ओट्याशी जायचं नाही, स्वयंपाकाला बाई ठेवू. बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून मला धड भांडताही येईना. तरी भांडले. मी म्हटलं, आई या घरात परत येतील त्या स्वयंपाक करायलाच येतील, नाहीतर येणारच नाहीत. तो कामावर गेला. खुर्ची आहे तिथेच आहे. मी तिच्याकडे बघत नाही.

आता माझ्या मनातलं. तू म्हणशील ही वेळ आहे का, पण मला दुसरं कोण आहे सांगायला. आईंनी तुला सांगितलं, मला नाही. तू लेक आहेस, ते मी समजू शकते. पण रोज सकाळी आई मला पेपर वाचायला बसवतात. स्वतःचा चहा थांबवतात, माझा कप भरतात आणि म्हणतात, वाच गं, तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. मी अग्रलेखापासून सिनेमाच्या पानापर्यंत वाचते, मधे मधे नकला करते, त्या हसतात. दिवसातली तेवढी पाऊण घटका मला माझ्या आईकडे असल्यासारखी वाटायची. आता कळलं की त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी वाचत होते. मी आवडते म्हणून नाही. हे कळल्यापासून मला पेपरच हातात धरवत नाही, घडीही न मोडता ठेवून देते.

हे आईंना वाचून दाखवू नकोस.

घर पूर्ववत होत नाही गं. जमिनीवर कपाटाचे चार डाग आहेत, त्यांवर मी ते नेमकं उभं केलं, तरी ते पूर्वीचं नाही. आईंना यायचं असेल तर कुठल्या घरात यायचं आहे, ते मला कोणी सांगेल का?

तुझा लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं.

तुझी
वहिनी


दि. ९ एप्रिल

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सावकाश सोडवून घे. प्लास्टर निघून तीन दिवस झाले. पुठ्ठ्याची पट्टी खाली धरून लिहिते आहे. मुलीकडून लिहून घेता आलं असतं, पण हे तिच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं, तू नको लिहिलं होतंस तेही वाचलं. तिला रागावू नकोस. तीन वर्षं एक गोष्ट लपवून तिला इतका त्रास झालाय, की आता तिच्याच्याने काही लपववत नाही.

त्या दिवशी तू मला बाहेर बोलावलंस आणि मला माझ्या घरात काहीच सापडेना. भिंतीसुद्धा कोणी उचलून नेल्या असं वाटलं. मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, एक्स्चेंजमधल्या, त्या तुला ठाऊक नाहीत तेच बरं. पण तू किती हौसेने वाट बघत होतीस ते तुझ्या श्वासावरून कळत होतं. मला छान म्हणावंच लागलं.

तुला का सांगितलं नाही, तर तू मला काम सांगतेस म्हणून. मीठ जास्त पडलं की तोंडावर बोलतेस. माझ्याशी कडाकडा भांडतेस. या वयाच्या बाईशी आता कोण भांडतं? तुला कळलं असतं तर तू गोड बोलायला लागली असतीस आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली असतीस. ते मला सोसलं नसतं. तू तशी नाहीस हे आता कळलं, मुलाशी भांडलीस त्यावरून.

मी गुरुवारी येते. रचलेलं कपाट पुन्हा उतरव. तू लावलं होतंस तसंच घर लाव, मी नव्याने पाठ करीन. पहिले चार दिवस माझ्याबरोबर चाल आणि पावलं मोठ्याने मोज. मी आपटले तर आपटू दे, हात पुढे करू नकोस. ती खुर्ची मुलाला दे, तो घरी येतो तेव्हा दमलेला असतो. गुरुवारी रात्रीचा स्वयंपाक मी करणार आहे. मीठ जास्त पडलं तर बोलायचं.

राहता राहिलं पेपराचं. इथे मुलगी मला वाचून दाखवते, औषधाची चिठ्ठी वाचावी तसं. तुझं ऐकायची सवय लागलेल्या माणसाला ते ऐकवत नाही. पण तू चुकीचं धरून बसली आहेस, म्हणून हे लिहायला बसले. तू लग्न होऊन आलीस त्या आठवड्यापासून मी तुला पेपर वाचायला बसवते आहे. त्याला सहा वर्षं झाली. माझे डोळे जाऊन तीन झाली. त्याआधीची तीन वर्षं मला सगळं स्वच्छ दिसत होतं गं, शेवटच्या पानावरच्या बारीक जाहिरातींसकट.

तुझी
आई