अप्पांभोवतीचा कोरा पट्टा

॥ श्री बसवलिंगाय नमः ॥

गावाकडून, ता. चाकूर
१२ डिसेंबर २०२५

ती. मन्मथअण्णास,

धाकट्या बहिणीचा, अंबिकाचा शरणु. उदगीरला तुम्ही सगळे खुशाल असालच, दुकानही बरं चाललं असेल. इकडे थंडी पडली आहे, तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. अव्वा बरी आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद शेजारच्या शेषेरावांच्या हाती धाडते आहे. ते बाजाराला उदगीरला निघालेत. पाकीट न फोडता परत दिलंस तर ते दुकानातच मोठ्यानं वाचतील, गिऱ्हाईक असलं तरी. त्यांचा आवाज तुला माहीत आहे. हसू नकोस, मी फार चिडलेली आहे.

कामाचं आधी लिहिते. येत्या अमावास्येला, येळवशीला, तू शेतात यायलाच पाहिजेस. अख्ख्या भावकीनं मातीवर बसून आंबील-भज्जी खायचा हा एक दिवस, आणि यंदा आपल्या शेतात कुणी येणार नाही. कुणाकडे पाहुणे येणार आहेत, कुणाचं पोट बिघडणार आहे, तेही आठवडाभर आधीच ठरलेलं! अंबिकानं नांदेडचा मैला आणून अप्पांच्या शेतात ओतला, असं तूच सगळ्यांना सांगितलंस ना?

मैला नाही तो. शहराचं सांडपाणी शुद्ध करताना खाली गाळ बसतो. तो वाळवतात, मुरवतात, तपासतात, मगच शेताला देतात. हातात घेतला तर काळी भुसभुशीत मातीच वाटते. गाजर, कांदा, कोथिंबीर यात लावू नका, असं खत देणाऱ्या केंद्रावरच्या बाईंनी बजावलं होतं. मी तूर आणि ज्वारीशिवाय काही लावलं नाही. सासर सुटून आल्यापासून हे शेत मी कसते आहे अण्णा, त्याचं वाईट मी करीन का? आणि तू एवढा सोवळा कधीपासून झालास? लहानपणी रोज सकाळी टमरेल घेऊन तू कुठल्या शेतात जात होतास, ते मला आठवतं. तेव्हा शेत बाटलं नाही.

जाऊ दे. भांडायला म्हणून लिहायला बसले नव्हते.

वर लिहिलं की अव्वा बरी आहे. ती बरी नाही. दिवाळीनंतर तिनं जेवण सोडल्यातच जमा आहे. कधी घोटभर ताक घेते, नाहीतर नुसतं पाणी. विचारलं की म्हणते, "भूक न्हाई." चाकूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, सलाईन लावली. रोग काही सापडला नाही. गावात मात्र बोभाटा झालाच, म्हातारी त्या धान्याला शिवत नाही म्हणून. मलाही तसंच वाटलं. मी मुकाट्यानं बाजारातून ज्वारी आणली, दळली, भाकरी करून समोर ठेवली. तीही तशीच राहिली.

मग काल सकाळी हट्टाला पेटली, "मला रानात ने." गुडघ्यांमुळे पावसाळ्यापासून ती शेतात आली नव्हती. शेषेरावांनी गाडी जुंपली. बांधावर उतरली आणि समोर बघून तशीच उभी राहिली.

अण्णा, खत टाकताना मी, अप्पांना माती दिली त्या समाधीभोवती चारी बाजूंनी पट्टा कोरा सोडला होता. तुझ्याच धाकानं. आता बाकीची तूर माझ्या डोक्यावर गेली आहे आणि त्या पट्ट्यातली कमरेलाही लागत नाही. लांबून दिसतं ते. मला वाटलं होतं, बघून तिला बरं वाटेल.

"समद्या रानाला घातलंस," अव्वा म्हणाली, "अन् तुज्या अप्पालाच उपाशी ठिवलंस व्हय गं?"

बांधाला थोडं खत उरलं होतं. तिनं माझ्याकडून पाटीत भरून घेतलं, खाली बसली आणि हातानं समाधीभोवती पसरलं. मग सरकत शेजारच्या मोकळ्या जागेवर आली. अप्पा गेले तेव्हा तिनं स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा. तिथंही मूठमूठ टाकलं. म्हणाली, "हितं मला माती द्यायची. म्या माज्या हातानं घातलंय, पुन्ना कुनी म्हनाया नको, ही जागा घान हाय म्हनून."

तेव्हा मला उलगडलं, आणि तेच तुला लिहायचं मी इतक्या ओळी टाळते आहे. दिवाळीनंतर तुझा शेवटचा फोन आला होता ना? तू म्हणालास, "अव्वाला त्या घाणीत माती देणार न्हाई मी. उदगीरच्या रुद्रभूमीत जागा बघतो." माझे हात पिठात होते, फोन स्पीकरवर होता. अव्वा चुलीपाशीच बसली होती. तिनं सगळं ऐकलं. हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली. त्या दिवसापासून हे चालू आहे.

तिला खताचं काही नाही रे. अप्पांपासून तोडशील, एवढीच तिला भीती आहे.

मी तिला शंभरदा सांगितलं, तुझी जागा तिथंच आहे. ती ऐकून घेते आणि भिंतीकडे तोंड करते. माती थोरला लेक देणार, शब्द त्याचाच लागतो. तेव्हा येळवशीला ये. आमच्या शेतातलं खाऊ नकोस, घरून डबा आण, मी एका शब्दानं बोलणार नाही. फक्त तिच्याजवळ बस, तिची जागा अप्पांच्या शेजारीच आहे असं तुझ्या तोंडानं सांग, आणि पहिला घास तिला भरव.

नाही आलास, तरी एक दिवस तुला इथं यावंच लागेल. पण त्या दिवशी तिला घास भरवता येणार नाही. मला फार भीती वाटते आहे, अण्णा.

आत्ता तिला विचारलं, अण्णाला तुझं काय लिहू. म्हणाली, "जेवला का म्हून इचार."

तर, जेवलास का?

तुझी,
अंबिका