सात फुटी रॉड आणि न बसलेल्या प्लेटा

वसई
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

पहाटे पाऊस थांबला. सातच्या मिस्साला गेलो. येताना पाव घेतले, सवयीने जास्त घेतले. केळीत पाणी साचले होते, ते वाट करून काढले. दुपारी भात आणि कालची सुक्या बोंबलाची आमटी खाल्ली. मग हे पत्र लिहायला बसलो.

प्रिय टोनी यास, गॅब्रिएलचा सप्रेम नमस्कार. प्रभूची शांती तुझ्या कॅनडातल्या घरावर असो. पॉलिन आणि मुले बरी असतील. फ्लॉसीच्या दफनाच्या दिवशी तुझा खांदा धरला होता, तो आता सुटला असेल अशी आशा करतो. (पेटीचे मागचे टोक उचलूनही माणसाचा खांदा धरतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.) फ्लॉसीमागे माझी तब्येत ठीक आहे. फोनवर तू बोलतोस आणि मी हूं म्हणतो, त्यामुळे माझ्या बाजूचे बरेच राहून जाते. म्हणून पत्र.

तू पाठवलेला व्यायामाचा रॉड पोचला. टेंपो आपल्या गल्लीत शिरेना, तेव्हा दोन माणसांनी तो खांद्यावर घेतला, एक पुढे, एक मागे, वर खाकी कागद गुंडाळलेला. सुतकाच्या घराकडे असे काही लांबलचक जाताना पाहून शेजारच्या व्हिव्हियनच्या आईने ओटीवर उभे राहून क्रूसाची खूण केली आणि आता कोण, असे विचारले. मी म्हटले, कोणी नाही, टोनीने पाठवले आहे. त्यावर तिचे समाधान झाले. तू पाठवलेल्या कशावरही आपल्या गावाचे समाधान होते.

तुझे म्हणणे मला मान्य आहे असे धरून चालू. पन्नाशीनंतर माणसाचे स्नायू झडतात, चर्चच्या पायरीवर माझा गुडघा वाकला तो त्यामुळेच, आणि यावर उपाय म्हणजे वजन उचलणे. रॉड तू दिलास, प्लेटा मी इथेच बघून घ्याव्यात, असा तुझा निरोप होता. चर्चच्या पायरीचा विषय तू त्यानंतर प्रत्येक फोनवर काढलास, म्हणून प्लेटा घेणे भाग पडले.

दुकानदाराचे नाव शत्रुघ्न. पहिल्यांदा त्याने विचारले, मुलासाठी का. मी म्हटले, माझ्यासाठी. त्याने माझ्या शर्टावरची काळी फीत पाहिली आणि आवाज खाली आणला. मग त्याने प्लेटांचे प्रकार सांगितले. नुसत्या बिडाच्या स्वस्त, पण आपल्या खाऱ्या हवेत त्यांना महिन्यात गंज धरतो. रबर चढवलेल्या महाग, पण आवाज करत नाहीत आणि लादी फुटत नाही. प्लॅस्टिकच्या, आत सिमेंट भरलेल्या, त्या घेऊच नका, आपटल्या की पोटातून भुगा येतो. कडेला पकडायला खाचा असलेल्या वेगळ्या. मी रबराच्या घेतल्या, कारण घरात आवाज नको होता. (नंतर त्या केळी तोलायच्या काट्यावर टाकल्या. दहा लिहिलेली साडेनऊलाच थांबली. फ्लॉसीच्या थडग्यावरच्या दगडात तू स्वतःचे नाव तिच्या नावाएवढे मोठे कोरून घेतले आहेस, तेव्हा लिहिलेल्यावर किती जायचे हे मला आधीच कळायला हवे होते.)

त्याने भोकाचे माप विचारले तेव्हा मी खिशातून दोरा काढला. बांगडी भरायच्या आधी बायका हाताला दोरा लावून माप घेतात, तसे मी रॉडला दोरा लावून आणले होते. माप बरोबर होते. फक्त ते रॉडच्या मध्यावरचे होते, जिथे हाताने धरायचे तिथले. प्लेटा बसतात टोकांना, आणि टोके दुप्पट जाड. घरी येऊन प्लेट लावायला गेलो तर ती टोकाला थडकून उभी राहिली. साबण लावला, खोबरेल लावले. शेवटी प्लेट हातून सुटून लादीवर पडली. लादी फुटली नाही, तेवढे शत्रुघ्न खरे बोलला होता.

आवाज मात्र व्हिव्हियनच्या घरापर्यंत गेला आणि तिथून पुढे आपोआप गेला. वर्षाच्या आत विधुराने व्यायाम सुरू केला, की आपल्या गावात त्याचा एकच अर्थ होतो. दुसऱ्या दिवशी तुझी थोरली बहीण लविना डब्यात मटण घेऊन आली. बराच वेळ प्लेटांकडे बघत बसली. मग म्हणाली, "गॅब्रिएल, वर्ष तरी सरू द्यायचं." मी विचारले, कशाचं. ती म्हणाली, "बाई विरारची आहे म्हणतात." माझे लग्न ठरल्याचे मला असे समजले. बाई कोण, हे लविनाला माहीत नव्हते. कळले तर मलाही कळव, असे मी म्हटले, ते तिला आवडले नाही. रॉड टोनीने पाठवला आहे असे सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. मग ठीक आहे, म्हणाली, टोनी विचार करूनच करतो. डबा परत न्यायला विसरली, तो धुऊन ठेवला आहे.

प्लेटा बदलून मिळेनात. "अंकल, बोर्ड वाचा ना," शत्रुघ्न म्हणाला. पण माणूस वाईट नाही. चंदनसारला त्याच्या मेव्हण्याची, हार्दिकची, जिम आहे, तिथे मोठ्या भोकाच्या प्लेटा आहेत, आधी उचलून बघा, किती जमते ते कळले की मगच पुन्हा पैसे घाला, असा सल्ला त्याने दिला. तसा परवा चंदनसारला गेलो. जिममध्ये सगळीकडे आरसे आणि सगळे आरशात बघणारे. हार्दिक म्हणाला, पहिल्या दिवशी नुसता रॉड उचला, प्लेट नको. मी म्हटले, एकेचाळीस किलो लाव.

"एकेचाळीस कशाला अंकल? चाळीस करतो."

मी म्हटले, एकेचाळीसच. वीसचा रॉड, दोन्ही बाजूंना दहा-दहा, आणि वरच्या एका किलोसाठी अर्ध्या किलोच्या दोन चकत्या. त्या कोणी वापरत नाही, म्हणून त्याला बाकाखालून शोधून काढाव्या लागल्या. चार पोरे हातातले सोडून म्हाताऱ्याचा हट्ट बघायला उभी राहिली.

टोनी, मी ते उचलले. गुडघ्यात वाकलो, वजन अंगाशी घेतले, ते स्थिर होईपर्यंत थांबलो आणि उठलो. वर आल्यावर सवयीने डावीकडे वळलो. आमच्याकडे पलंगाच्या डावीकडे खुर्ची असते. इथे आरसा होता. हार्दिकने विचारले, एवढे नीट उचलायला कुठे शिकलात. मी म्हटले, घरी. इस्पितळाच्या शेवटच्या चिठ्ठीवर फ्लॉसीचे वजन एकेचाळीस होते. वर्षभर पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत आणि परत, मीच उचलत होतो. तू फोनवर विचारायचास, बाई ठेवली का, मी हूं म्हणायचो. बाई नव्हती.

येताना पेट्या बनवणाऱ्या सेबेस्टियनकडे थांबलो आणि तू घेतलेली सागवानी पेटी, पितळी कड्यांसकट, रिकामी किती भरते ते विचारले. तो म्हणाला, साठच्या वर. टोनीसाहेबांनी सगळ्यांत भारी दाखवायला सांगितली होती, असेही म्हणाला. म्हणजे त्या दिवशी आपण चौघे मुख्यतः पेटीच वाहत होतो. फ्लॉसी आत होती, इतकेच. तिने साध्या आंब्याच्या फळ्यांची मागितली होती, ते मी तुला सांगितले होते. लोक काय म्हणतील, असे तू म्हणालास. बहीण तुझी, म्हणून सगळा कारभार तू पाहिलास. बायको माझी, म्हणून मी बाजूला उभा राहिलो. पायऱ्या उतरताना सगळा भार पुढच्यावर येतो. पुढे मी होतो. मागून सगळ्यांदेखत तू म्हणालास, "भावजी, सोडा, तुमच्याने होणार नाही." व्हिव्हियनने माझी कडी धरली आणि मी सोडली. पुढे कबरीपर्यंत मी हात हलवत चाललो. तिला उचलणे हे माझे काम होते, आणि शेवटच्या दिवशी ते माझ्याकडून काढून घेतले गेले. बाकी सर्व क्षेम आहे. पॉलिनला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गॅब्रिएल

ता. क. रॉडबद्दल आभार मानायचे राहिले. तो फुकट गेलेला नाही. ओटीवर दोन दोऱ्यांनी आडवा टांगला आहे, पावसाळ्यात कपडे छान वाळतात. एक प्लेट पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवली आहे, मांजर येत नाही. लविनाला यातले काही सांगू नकोस. विरारच्या बाईवर तिचा जीव जडला आहे.

ता. क. मुख्य राहिले, त्यासाठीच पत्र लिहायला घेतले होते. माझ्या वेळी तू येशीलच आणि कारभारही तूच हातात घेशील. तेव्हा पेटी साध्या फळ्यांची सांग, कड्या दोरीच्या चालतील. सेबेस्टियनला मी सांगून ठेवले आहे, तू फक्त मोडता घालू नकोस. आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना तू पुढे राहा.

आभाळ पुन्हा भरून आले आहे. रॉडवरची चादर आत घेतो. मोठी आहे, एकट्याला तिची घडी नीट येत नाही, एक कड हनुवटीखाली धरावी लागते.