गाडी अंगणात येणार नाही

रोहणा, ता. आर्वी
१२ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबांना,
आकांक्षाचा नमस्कार.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. कोकिळाआत्याची तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. यंदा तिच्या तुरी चांगल्या झाल्या. तुम्ही बीपीची गोळी चुकवत नसाल, असं धरून चालते.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. मुकेशकाकांनी तुमचा निरोप दिला: गाडी आणून बोरगावच्या अंगणात उभी कर, बाकीचं मग बोलू. सांगताना काका माझ्याकडे पाहत नव्हते, गाडीकडे पाहत होते. किती खराब केली ते बघत असावेत. धूळ आहे. मागच्या सीटवर कुणाच्या तरी लेकराने ओकल्याचा डाग आहे. पुष्कळ घासला, निघाला नाही.

ती रोज धावते, बाबा. सकाळी आर्वी, दुपारी पुलगाव. दोन नर्सबाई, एक शिक्षिका आणि कॉलेजच्या पोरी ठरलेल्या आहेत. बाकी रस्त्यात हात दाखवेल तो. छोटी रेल्वे बंद पडल्यापासून इथल्या माणसांचा भरवसा एसटीवर, आणि एसटी आपल्या मनाने येते.

सुरुवातीला कुणी बसत नव्हतं. मी थांबले की लोक बाजूला सरकायचे, त्यांना वाटायचं कुण्या साहेबाची गाडी आली. पहिल्या बसल्या त्या तानाबाई. आत्याच्या शेतात निंदायला येतात. त्यांची सून सपना गरोदर होती, तिला आर्वीला तपासायला न्यायचं होतं आणि बस आलीच नव्हती. मी दार उघडलं, तर तानाबाईंनी चपला काढून हातात घेतल्या.

"मावशी, घालून बसा ना."

"नाई वं बाई. एवढ्या चांगल्या गाडीत कोणी चपला घालून बसते का?"

आर्वी येईपर्यंत चपला मांडीवर होत्या. आता त्या चपला घालून बसतात, मला उशीर झाला की रागावतात, आणि टोपलं कुठे ठेवायचं ते मला न विचारता ठरवतात. त्यांचं ते रागावणं मला फार आवडतं.

फजितीही सांगते, नाहीतर काका सांगतील. दिवाळीनंतर गावात लाइट गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी तशीच अर्धवट चार्जवर निघाले आणि नाचणगावच्या अलीकडे गाडी बसली. टेम्पोवर चढवून आणावी लागली. पारावरची माणसं म्हणाली, "मोबाइलवानी चार्जिंग सरली का वं?" मीही हसले. दुसऱ्या दिवशी प्रवासी तेच होते. आता पुलगावच्या एका जिनिंगवाल्याशी बोलून ठेवलं आहे. गावची लाइट गेली की दुपारी गाडी तिथे चार्जिंगला लावते.

काका म्हणाले, "ह्या गाड्या मोठ्या शहरातल्या, मोठ्या लोकायच्या. खेड्यात नाई चालत." लाइट नसली तर चालत नाही, हे कबूल. चार्जिंगची सोय वाढायला हवी, हेही कबूल. पण गाडीचं नवल पहिल्या आठवड्यातच संपलं. लोक बसतात ते डिझेलच्या जीपपेक्षा मी भाडं कमी घेते म्हणून, आणि तेवढ्यात मला परवडतं म्हणून. उद्या आणखी दोघींनी अशा गाड्या घेतल्या तर इथे कुणी वळूनही पाहणार नाही. मला तेच हवं आहे.

इतकं सगळं लिहिलं, कारण खरं ते लिहायला हात उचलत नाही.

साखरपुड्याच्या दिवशी गाडी आपल्या अंगणात झेंडूच्या माळा घालून उभी होती. तुम्ही ती माझ्या नावावर घेतली होती. मला वाटलं, माझ्यासाठीच आहे. का वाटू नये? चालवायला तुम्हीच शिकवलं होतं, मैदानावर, आपल्या जुन्या गाडीवर, क्लच सोडताना आई ओरडायची ते ऐकत. मग अनुपचे वडील गाडीभोवती फिरून म्हणाले, "डिझेलची त आता कोणाच्याही दारात असते. इलेक्ट्रिक उभी राह्यली म्हणजे माणसाची पत समजते." मी पुढचं दार उघडलं तर मला म्हणाले, "तू मांगं बस बेटा. अनुप चालवन."

अनुप आधीच आत बसून स्क्रीनवर बोटं फिरवत होता. मी त्याला विचारलं, "गाडी नसती तर?"

"बाबाले विचार," तो म्हणाला. मग मी माझ्या बाबांकडे पाहिलं. तुम्ही मान खाली घालून बॉनेटवरची माळ सरळ करत होता.

मुलगा पसंत नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. अनुप मला आवडला होता. गाडी त्यांनी मागितली, तुम्ही कबूल केली, मला सांगितलं नाही. आणि मी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाहीत. लग्न मी त्या गप्प राहण्यामुळे मोडलं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आत्याकडे आले, तीही त्याचमुळे.

आत्याने मला काही विचारलं नाही. खूप दिवसांनी एकदा भाकरी थापताना म्हणाली, "माह्या लग्नात बाबानं जावयाले रेडिओ देल्ला होता. घरात तो दिवसभर वाजे. मले हात लावू देत नव्हते. काऊन म्हटलं, त म्हणे बिघडवशीन." मग म्हणाली, "तू चालव. वासूले, तुह्या बापाले, मी पाहून घेईन."

आता वर्षालीचं. तुमच्या या धाकट्या लेकीचं लग्न यवतमाळला जमत आलं आहे आणि त्यांनाही हीच गाडी हवी आहे, हे मला काकांच्या आधी तिनेच सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "ताई, थे लोक गाडी पाह्याले येऊन राह्यले. मले नाई." पुढे तिने विचारलं, या गाडीचं असं काही करता येईल का, की ती कुणाला मागावीशीच वाटणार नाही.

करता आलं. हुंडा म्हणून दिसू नये यासाठी तुम्ही गाडी माझ्या नावावर केली, म्हणून माझी सही पुरली. सोमवारपासून ती कागदोपत्री टॅक्सी आहे. नंबराच्या हिरव्या पाटीवरची पांढरी अक्षरं जाऊन पिवळी आली. भाड्याची गाडी कुठल्याच जावयाच्या अंगणात शोभत नाही. पाटी वर्षालीने स्वतः बसवली. त्या दिवशी ती मैत्रिणीकडे गेली नव्हती, माझ्याबरोबर होती. तिला बोलू नका. बोलायचं ते मला बोला.

तुमच्या नोकरीभराच्या कमाईची ही गाडी आहे, हे मी विसरले नाही. ती वाया गेली असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा आर्वीच्या स्टँडवर या. ओळख दाखवू नका, मागच्या सीटवर बसा, तानाबाईंच्या शेजारी. पुढची सीट मात्र मिळणार नाही, ती सपनाची आहे. तिचं बाळ आता दोन महिन्यांचं झालं.

यवतमाळच्या लोकांना गाडीशिवाय वर्षाली चालणार असेल, तर लग्नात मी सर्वांत आधी येईन आणि पंगतीत वाढेन. नसेल चालणार, तर त्यांना नाही म्हणायला या वेळी तुम्ही बोला. मी गाडी आणणार नाही, आणि माफीही मागणार नाही.

तुमचं नाव लावणारी, आणि लावत राहणारी,
आकांक्षा वासुदेवराव डहाके