दिवसाला एक लिटर

४ मार्च, परतूर
बाबांना काल दवाखान्यातून घरी आणलं. सोडियम ११६ होतं, आता १२४. हवं १३५ च्या वर. भरती केलं त्या दिवशी मला, पोटच्या लेकीला, विचारत होते, "बाई, तुमी कोन?" डॉ. म्हणाले, बीपीच्या गोळीनं झालं. गोळी बदलली. रक्तात पाणी जास्त, मीठ कमी. म्हणून दिवसाला एकच लिटर, चहा-ताक सगळं धरून. आत्ताच ऊन असं. फ्रिजवर पाण्याचा तक्ता चिकटवला.

६ मार्च
अकरावीला शिकवायला नेमका हाच धडा. रक्तात पाणी कमी झालं की मेंदू तहान लावतो, किडनीला सांगतो पाणी धरून ठेव. पाणी पुरलं की तो निरोप आपोआप थांबतो. मागच्या बाकावरची एक मुलगी: "मॅडम, थांबलाच न्हाई तं?"
"मंग घरातल्या कुणीतरी थांबवायचं."
वर्ग हसला. मला घरी जायची घाई.

८ मार्च
बाबांना बर्फाचा खडा चोखायला दिला. थुंकून टाकला.
"हे काय पानी हाय का?"

९ मार्च
कॉलेजातून आले तर शेजारच्या काकू दारातच. "बाबा दोन तांबे पिऊन गेले आमच्याकडं. किती तान्हेले होते बिचारे!" तसंच बाबांना रिक्षात घालून रक्त तपासायला नेलं. १२०. अजून उतरलं तर पुन्हा भरती.
घरी येऊन मी ओरडले. नको तितकं. "फिट येईल बाबा! कळतं का?"
ते शांतपणे म्हणाले, "लोकं पानवठ्यावर अडवायचे तवा म्हाईत होतं कशापायी अडवतेत. तू तं माझी लेक हायस."
हातातला ग्लास काढून घेतला तरीही.

१० मार्च
पुण्याहून दादाचा फोन. "म्हाताऱ्या मानसाला पानी देत न्हाईस? बाबा रडून राह्यले फोनवर." रिपोर्टचा फोटो पाठवला. बघितला, उत्तर न्हाई. माया सगळ्यांनी करायची, मोजायचं मी एकटीनं.

१४ मार्च
१२७! बाबांना कागद दाखवला. "बराबर हाय," एवढंच. मंग कळलं, बाबांनी दादाला न्यायला बोलावलंय.

१५ मार्च
दादा-वहिनी सकाळी आले. तक्ता वहिनीच्या हातात दिला, मोठ्यानं वाचून घेतला. शुक्रवारी पुन्हा रक्त तपासायचं, तेही लिहून दिलं. दादा म्हणाला, "तू टेन्शनच लई घेती." बाबा पुढच्या सीटवर. निघताना डोक्यावर हात ठेवला.
आता दुपारचे तीन. वाटेत शहागडला थांबले असतील. हायवेवर रसवंत्या सुरू झाल्यात. बाबांना उसाचा रस म्हणजे…
दोनदा फोन लावला. दादा उचलत न्हाई.