शतकांची हजेरी

सर, तुमच्या मागे तुमचा वर्ग मी चालवते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेलच. विक्रोळीच्या चर्चमागची तीच खोली, रविवारी उपासनेच्या आधीचा तोच तास. फळा नवा आहे, पंखा तोच आहे. प्रेषितांची पत्रं शिकवताना जांभया देणारी पोरं बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, जगाच्या अंताआधी येणारं सात डोक्यांचं श्वापद आलं की अजूनही पुढच्या बाकावर सरकतात. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही, कारण तुमच्याशी मनातल्या मनात वाद घालायची सवय मोडलेलीच नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरात असा काही तमाशा झाला, की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा मुलुंडचा, शांत, जेवणाला नावं न ठेवणारा. नाताळ झाला की लगेच लग्न, घाटकोपरला हॉल ठरलेला, पत्रिका छापायला जायच्या बेतात. आणि एका संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसातून घरी येऊन आमची कन्या पर्स न ठेवताच म्हणाली, "मम्मी, लग्न पुढे ढकल." वाटलं, मुलाचं काहीतरी निघालं. तर म्हणे, "येशू नाताळच्या आधी येतोय." ऑफिसजवळच्या एका प्रार्थना-गटात ती जात होती. तिथे बाहेरून एक उपदेशक आले, भिंतभर फ्लेक्स लावला, दानीएलाचे आठवडे, प्रकटीकरणाचे शिक्के, बातम्यांतली युद्धं अशी सगळी बेरीज केली आणि डिसेंबरातला एक शनिवार काढून दिला. त्या दिवशी विश्वासणारे वर उचलले जाणार, मागे राहणाऱ्यांवर संकट येणार. "अगं, हॉल ठरलाय," मी म्हटलं. "कॅन्सल कर ना मग! उचललं जाताना हॉल बरोबर नेणार आहेस का तू?" आणि मला हसू फुटलं, सर. नुसतं हसून थांबले नाही. म्हणाले, "तुझ्या त्या उपदेशकाला विचार, प्रभू वेस्टर्नने येणार की सेंट्रलने." ती ताट तसंच टाकून उठली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवऱ्याने मला तेवढंच सुनावलं, "वर्गातल्या मुलांशी असं बोलतेस का?"

खरं तर हसण्याबद्दलच्या या शिक्षेची मला जुनी ओळख आहे. मी बारा वर्षांची होते. तुम्ही आठवडाभर कारखान्यात तयार माल तपासायचात आणि रविवारी आम्हाला. कुठल्याही मालाला तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, ही तुमची खोड. तेव्हा कुणीतरी कुठूनतरी जगाच्या शेवटाची तारीख छापलेलं हँडबिल आणलं, आणि आम्ही घाबरून तुमच्याकडे आलो. तुम्ही ते हँडबिल वाचून खिशात ठेवलंत आणि प्रत्येकाला एकेक शतक वाटून दिलंत. मला दुसरं मिळालं. मी रुसले, कारण मला एकोणिसावं हवं होतं, त्यात तोफा होत्या. महिनाभर तुम्ही एकेकाला बाजूला घेऊन ख्रिस्ती मंडळीचा इतिहास सांगितलात, आणि मग एका रविवारी हजेरी घेतलीत.

अजून ऐकू येते ती हजेरी. तुम्ही फळ्याशी उभे आहात, हातात खडू. "शतक दुसरं?" मी उठते. "हजर, सर." "तुमच्याकडे श्वापद कोण?" "रोमचा बादशहा, सर." "शेवट कधी?" "आमच्या हयातीत, सर!" मग पाचवं उठतं, त्यांच्याकडे रोमवर चालून आलेल्या टोळ्या. दहावं उठतं, त्यांना हजार वर्षं भरत आली म्हणून धसका. सोळाव्यात दोन मुलं उभी करावी लागली, कारण एक पोपकडे बोट दाखवतो आणि दुसरा पोपशी भांडणाऱ्या सुधारकांकडे. एकोणिसाव्याकडे फ्रान्सचा सम्राट, विसाव्याकडे रशिया आणि कॉम्प्युटर. आणि शेवट कधी विचारलं की सगळे एकाच सुरात, "आमच्या हयातीत, सर!" हसून हसून आमची वाट लागली. तुम्हीसुद्धा हसलात. मग मला म्हणालात, "तुझ्या शतकात एक शहाणा बिशप होता. त्याला श्वापदाच्या सहाशे सहासष्ट या आकड्याचा हिशोब येत होता, तीन-चार नावंही बसत होती. पण तो म्हणाला, नावावर पैज नको, घडेल तेव्हा कळेल. त्याला विसरू नकोस."

मी बिशपला विसरले आणि हसणं तेवढं लक्षात ठेवलं. त्या हँडबिलावर आपल्या चाळीतल्या एका विधवा मावशीने विश्वास ठेवला होता. तिने आपली स्टीलची भांडी शेजाऱ्यांना वाटून टाकली, पांढरी साडी इस्त्री करून ठेवली. दिवस आला, गेला. दुसऱ्या सकाळी ती नळावर आली तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडले, "मावशी, शतक कितवं?" तुम्ही मागे उभे होतात, मला कुठे माहीत! तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "ती प्रभूची वाट बघत होती. तू काय बघत होतीस?" मग दारोदार फिरून तिची भांडी मागून आणायचं काम मला दिलंत. टोप, पातेली, परात, सगळं. तुम्ही तिच्या घरी पाटावर बसून चहा पीत होतात आणि मी भांडी आणून ओतत होते. जाताना म्हणालात, "ह्या सगळ्या शतकांचं गणित चुकलं गं. पण तो यावा असं त्यांना वाटत होतं, त्यात काय चुकलं?"

म्हणून चौथ्या दिवशी, रविवारी, मी मटारची पिशवी स्वयंपाकघरात जमिनीवर ओतली, होणाऱ्या जावयाला बोलावून घेतलं, आणि आधी लेकीची माफी मागितली. मग शतकं वाटली. तिला दुसरं, जावयाला दहावं, नवऱ्याला सोळाव्याच्या दोन्ही बाजू. मटार सोलता सोलता हजेरी सुरू झाली. जावई इतका घाबरून "आमच्या हयातीत" म्हणाला, की लेकसुद्धा हसली. मग सोलायची थांबून म्हणाली, "मम्मी, संकटाच्या आधीच आपल्याला उचलून नेणार, हे माझ्या शतकात कोणी म्हणत होतं का?" मी सांगितलं, "नाही गं. त्यांना वाटायचं, संकटातून जावं लागणार आणि त्यातून तो तारणार. हे आधीच निसटून जायचं शिक्षण दोनशे वर्षांपलीकडचं नाही." "म्हणजे खोटं?" इथे मी तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, आणि ते माझंच आहे असं भासवलं, "जुनं म्हणून खरं नाही, नवं म्हणून खोटं नाही. पण नव्या पाहुण्याला आत घेताना विचारावं, कुठून आलात?"

तिने पुढची शेंग उचलून सोलली. मग खाली बघूनच म्हणाली, "पण तो येणार, हे तरी तू मानतेस ना? त्या दिवशी हसलीस तेव्हा मला वाटलं, तू काहीच मानत नाहीस." तेव्हा कळलं, सर, की पोरगी शनिवारला घाबरली नव्हती, माझ्या हसण्याला घाबरली होती. मी म्हटलं, "मानते गं बाई. तारीख मानत नाही, त्याला मानते." तिने मटाराचा एक दाणा तोंडात टाकला. "मग करते लग्न. आला तर येऊ दे. काना गावातल्या त्या लग्नाला गेला होताच की." झकास झालं लग्न. मटार उसळ मात्र त्या दिवशी खारट झाली.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुमच्या घरच्यांनी तर चाळीतली खोलीसुद्धा विकली. वहीत राहील. पण एक गोष्ट उरली आहे, ती नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही सांगितलेली. तो शनिवार उजाडला. लेक ब्लाउजचं माप द्यायला पार्ल्याला गेली, हसत गेली. मी मासे आणायला जाते म्हणून निघाले आणि कबरस्तानात आले. शास्त्रात लिहिलं आहे ना, तो येईल तेव्हा ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण जिवंत. सगळी शतकं मला तोंडपाठ, तारीख चुकीची हे पक्कं ठाऊक, तरी घरून निघताना मी केस विंचरून चांगली साडी नेसले होते. तुमच्या कबरीपाशी अर्धा तास उभी राहिले. सर, त्या अर्ध्या तासात मला मनापासून वाटत होतं, की या एका खेपेला त्या उपदेशकाचं गणित बरोबर निघावं.