चित्रातली भ्यालेली बाई

आई, पानशेतच्या तुझ्या कामाच्या बंगल्यावरून तू आणलेलं ते जुनं छापील चित्र आता भोरला माझ्या स्वयंपाकघरात आहे. बंगला आवरताना मालकीणबाईंनी ते टाकायला काढलं आणि तू पदराखाली धरून घरी आणलंस. मी वेल्ह्याच्या बोर्डिंगातून सुट्टीला आले तर चुलीजवळच्या भिंतीवर काळपट खोली, जमिनीवर पालथा पडलेला राजा, समोर कफनातला म्हातारा आणि मधे हात वर केलेली बाई. मी म्हटलं, ही चेटकीण राजाला भीती घालतेय. भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "भीती कुठं घालतीया? तीच भ्यालीया. डोळं बघ की तिचं." मला काही दिसेना. तू आपलं मनचं सांगतेस असं वाटून मी हसले.

परवा मी शिकवते त्या शाळेतल्या एक ख्रिस्ती बाई चहाला आल्या आणि त्यांनी चित्र ओळखलं. गोष्ट बायबलातली. लढाईच्या धास्तीनं राजा वेश पालटून, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे जातो. त्याचा मेलेला गुरू खरंच उभा राहतो आणि किंचाळते ती बाईच. का किंचाळते, यावर त्यांच्यातही एकमत नाही म्हणे. कुणी म्हणतं, आजवर ती ढोंग करत होती, या खेपेला खरंच कुणी आलं. कुणी म्हणतं, असल्या बायांना देशाबाहेर घालवणारा राजा तो हाच, हे ओळखलं आणि आता आपली धडगत नाही म्हणून घाबरली. चहा निवून गेला तरी मी त्या डोळ्यांकडे बघत होते, कारण तसे डोळे मी एकदाच पाहिलेत. ते तुझे.

बाबांचं तेरावं. जेवणं उरकलेली, चुलते सांगताहेत की पोरीची शाळा पुरे, वर्षाच्या आत उजवून टाकू. तू बोलायला जातेस तर म्हणतात, "तुमी मधी बोलू नका वैनी." मग तुझ्या अंगात वारं येतं. केस सुटतात, आवाज घोगरा होतो. "धाकल्या, माझ्या पोरीला येल्ह्याच्या बोर्डिंगात घाल. शिकू दे तिला." तुला गप्प करणारे चुलते तुझ्या पायांवर डोकं ठेवतात. "व्हय दादा, घालतो. चुकलं माझं." त्यांच्या पाठीवरून तू माझ्याकडे बघतेस आणि तुझे डोळे भ्यालेले असतात. बाबा खरंच आले म्हणून, की सोंग उघडं पडेल म्हणून? तू होतीस तोवर विचारायची माझी छाती झाली नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. चुलते अजून आहेत, थकलेत. थोरल्या भावाचा शब्द मोडला नाही, हे सांगताना त्यांचा ऊर भरून येतो आणि मीही लोकांना "बाबांमुळे शिकले" असंच सांगते. पण तुला म्हणून सांगते. बाबांवर माझी माया कमी नव्हती, तरी देवापुढे हात जोडले की मी एवढंच मागते, त्या दिवशी बाबा आले नसावेत. ते सगळं तुझं एकटीचं असावं.